दोन मोठे, दोन मुलं आणि आजी

सकाळी पावणेसात

माझा दिवस जपानपासून सुरू होतो. आपल्याकडे दूधवाला येऊन जातो तेव्हा टोकियोत सव्वादहा वाजलेले असतात आणि रात्री पाठवलेल्या ईमेलांना उत्तरं यायला लागतात. मग सूर्य जसा पश्चिमेकडे सरकतो, तशी माझी कामंही सरकत जातात. आधी जपान, मग बँकॉक आणि बाली, मग आपला देश, दुपारनंतर युरोप. डोंबिवलीत दोन टेबलांच्या ऑफिसात बसून लोकांच्या सहली आखून देणं हा माझा व्यवसाय. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ वेगवेगळ्या गावांतल्या हॉटेलांचे भाव शेजारीशेजारी मांडण्यात आणि त्या भावात पदरात काय पडतं हे शोधण्यात जातो.

आजचं जपान एका निवृत्त जोडप्यासाठी आहे. नातवंडांची सुट्टी सुरू होण्याआधी फिरून यायचं म्हणून त्यांनी एप्रिलचा शेवटचा आणि मेचा पहिला आठवडा निवडलाय. नेमका तोच जपानचा गोल्डन वीक. २९ एप्रिल ते ५ मे या काळात सुट्ट्यांची माळ लागते आणि सगळा जपान घराबाहेर पडतो. क्योटोच्या ज्या हॉटेलाला मी विचारलं होतं, त्यांनी दोन तारखांचे दर पाठवलेत. खोली तीच, खिडकी तीच, पण आठ मेनंतरचा दर जवळपास निम्मा. सात-आठ दिवस पुढे ढकलले की त्याच पैशांत त्यांना चार रात्री जास्त मिळतील, किंवा तेवढ्याच रात्री मोठ्या खोलीत. घासाघीस करून मला कोणी एवढी सूट देणार नाही. तारीख हलवणं ही या धंद्यातली सगळ्यात मोठी सवलत आहे, आणि ती फक्त ग्राहकाच्या हातात असते.

दुसरं उत्तर हाकोनेच्या एका र्‍योकानचं आहे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी खाणावळ-निवासाचं. तिथला दर खोलीमागे नसतो, माणशी असतो, आणि त्यात रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. हे ठाऊक नसलेला माणूस तो आकडा टोकियोच्या हॉटेलाशेजारी मांडतो आणि आधी खूश होतो, मग हादरतो. या जोडप्याचा प्रश्न वेगळाच आहे. दोघंही शाकाहारी. जपानी रसांत आणि आमट्यांत माशाचा अर्क असतो, तो काढून स्वयंपाक करायला सगळे तयार होत नाहीत. म्हणजे जो भाव जपानी माणसाला वाजवी, तोच यांच्यासाठी महाग, कारण त्यातलं निम्मं ताटात तसंच राहणार. मी जेवणाशिवायचा दर मागवते. टोकियोच्या हॉटेलाला एकच प्रश्न लिहिते: पलंग किती सेंटिमीटरचा? तिथे ‘सेमी-डबल’ नावाखाली १२० सेंटिमीटरचा पलंग दोघांना देतात. खोली स्वस्त दिसते ती त्यामुळेच.

सव्वानऊ

ऑफिस उघडलं. मार्च आहे, दहावी-बारावीच्या परीक्षा चालू आहेत, आणि ज्यांच्या घरी परीक्षा नाही त्यांची मे महिन्याची घाई सुरू झालीय. माझी सहकारी आल्याआल्या कालची राहिलेली चौकशी समोर ठेवते. नवरा-बायको, तेरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी, आणि बहात्तर वर्षांची आजी. मेचा पहिला पंधरवडा, सहा रात्री. मुलांचे वडील काल संध्याकाळी येऊन गेले. मनाली, मुन्नार आणि बँकॉक अशी तीन नावं त्यांनी दिली आणि म्हणाले, “ताई, तिन्हीकडचे हॉटेलचे दर काढून द्या. जे स्वस्त पडेल तिकडे जाऊ.”

दर काढून देणं सोपं आहे. ते तर त्यांना फोनवरही दिसतात. पण तीन गावांच्या खोल्यांचे तीन आकडे एकाखाली एक लिहिले तर त्यातून काहीच कळत नाही. मनालीच्या दरात दोन वेळचं जेवण आहे, मुन्नारच्या दरात फक्त न्याहारी, बँकॉकच्या दरात न्याहारी आहे पण कर नाही. आमच्या भाषेत ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि न्याहारी, मॅप म्हणजे त्यावर एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं. पाच माणसांचं कुटुंब बाहेर दोन वेळा जेवतं तेव्हा त्या दोन अक्षरांची किंमत रोजची दोन-तीन हजार होते. म्हणून मी आधी सगळे दर एकाच पायरीवर आणते. न्याहारीसह, करासह, पाचही माणसं झोपतील अशा खोल्यांसह.

पाचही माणसं झोपतील, यावरच बराच वेळ जातो. बहुतेक हॉटेलांत बारा वर्षांपुढचं मूल मोठ्यांत धरतात. म्हणजे यांचा मुलगा हॉटेलच्या लेखी मोठा माणूस, मुलगी लहान. लहान मुलाचे दोन भाव असतात, वेगळा बिछाना दिला तर एक, आईबापांच्या पलंगावर झोपलं तर दुसरा. आजीला खाली अंथरलेल्या गादीवर झोपवता येणार नाही, आणि ‘एक्स्ट्रा बेड’ म्हणून आपल्याकडे बर्‍याच ठिकाणी येते ती गादीच. त्यामुळे दोन खोल्या लागणारच: एकीत आई-वडील आणि मुलगी, दुसरीत आजी आणि नातू. या एका निर्णयाने बँकॉक वर येतं. तिथे त्याच पैशांत मिळणारी दुसरी खोली आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुसर्‍या खोलीपेक्षा कितीतरी चांगली असते. ही गोष्ट खरी आहे आणि मी ती ग्राहकापासून लपवत नाही. बँकॉकमध्ये हॉटेलांची संख्या प्रचंड आहे आणि मे हा त्यांचा उतरता हंगाम. मनालीचा तोच कडक हंगाम.

साडेदहा

लग्न नुकतंच ठरलेलं एक जोडपं येतं. शनिवार-रविवार गोवा. मुलाच्या हातात फोन, त्यावर समुद्राकडे तोंड असलेली खोली, ७,६०० रुपये रात्र. “तुम्ही याच्यापेक्षा कमी देऊ शकाल का?” तो सरळ विचारतो, मला तसं विचारलेलं आवडतं.

मी कागद ओढते. त्याच हॉटेलची बाजूची खोली ७,५०० ला आहे. भावात शंभराचा फरक. पण हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी एका रेषेवर तुटतो आणि ती रेष नेमकी ७,५०० वर आहे. तिथपर्यंत, २२ सप्टेंबर २०२५ पासून, ५ टक्के; त्याआधी १२ होता. त्या रेषेच्या वर १८. म्हणजे ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकापोटी १,०९३ रुपये. दोघं कागदाकडे बघत राहतात. शिवाय ज्या हॉटेलात खोल्या ७,५०० च्या वर जातात, तिथल्या उपाहारगृहात जेवणावरही साधारण १८ टक्केच लागतो, इतरत्र ५. रात्रीचं जेवण तिथेच घेणार असाल तर तेही धरा.

ॲपवरचा भाव आणि हॉटेलचा थेट भाव सारखाच का दिसतो, असंही तो विचारतो. प्रश्न योग्य आहे. हॉटेलाने दुसरीकडे कमी भाव लावू नये अशी अट घालण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला मोठा दंड ठोठावला होता. ॲप हॉटेलाकडून कमिशन घेतं, आणि म्हणून हॉटेलाशी थेट बोलल्यावर बर्‍याचदा आकडा तोच राहतो पण वर काहीतरी मिळतं: दुपारी दोनपर्यंत खोली वापरायला, न्याहारी, वरच्या मजल्यावरची खोली. मी त्यांच्यासमोरच फोन लावते. रविवारी रात्रीची गाडी असल्याने त्यांना खोली चारपर्यंत हवी आहे. मॅनेजर तीनपर्यंत कबूल करतो.

उठताउठता मुलगी म्हणते, त्यांना खरं तर पाळोळे आवडेल, तिथे हॉटेलं स्वस्त दिसतात, आणि मोपाचं विमान स्वस्त आहे. पाळोळे गोव्याच्या दक्षिण टोकाला, मोपा उत्तर टोकाला. विमानतळ ते खोली या टॅक्सीत दोन्हीकडची बचत संपते. त्यापेक्षा काणकोणला थांबणारी रेल्वे पकडा, स्टेशनपासून पाळोळे जवळ आहे. मग तिथली स्वस्त खोली खरंच स्वस्त. त्यांना आता नव्याने विचार करायचाय, घरी जाऊन सांगतो म्हणाले. सांगोत.

बारा

बँकेतून निवृत्त झालेले काका आणि काकू. काशीला जायचंय, पाच रात्री. पुतण्याने छावणी भागातलं एक हॉटेल सुचवलंय: मोठी खोली, लिफ्ट, गाडी दारापर्यंत. त्याच भावात घाटाजवळच्या गल्लीतल्या हॉटेलात खोली लहान, जिना अरुंद. काकांना छावणीचं हॉटेल रास्त वाटतंय, काकूंना घाट.

इथे मी भावापेक्षा दिवस मांडते. काशीला माणूस कशासाठी जातो? पहाटेची गंगा, विश्वनाथाचं दर्शन, संध्याकाळची आरती. तिन्ही गोष्टी घाटाच्या आसपास, आणि तिन्हींच्या वेळा वेगळ्या. छावणीतून घाट चार-पाच किलोमीटर. दिवसातून दोनदा जायचं-यायचं म्हटलं की रिक्षा, गोदौलियाच्या पुढे गाड्या अडवतात म्हणून तिथून चालणं, परत तेच. दुसर्‍या दिवशी पहाटे उठवत नाही, तिसर्‍या दिवशी पहाटेची गंगा गळून जाते. खोली मोठी मिळाली, पण जिच्यासाठी गेलो ती पहाट गेली. घाटाजवळ राहिलं तर दहाव्या मिनिटाला पाण्याशी, दुपारी परत येऊन आडवं होता येतं. पण काकांच्या छातीत स्टेंट आहे आणि घाटाच्या पायर्‍या उंच आहेत. म्हणून मी त्यांना दोन्हीतला एकच पर्याय देत नाही. मुख्य रस्त्यापासून थोडंच आत, पहिल्या मजल्यावर खोली असलेलं, दशाश्वमेधाच्या अंगाचं एक ठिकाण सुचवते. भाव तोच. हे हॉटेल यादीत वर दिसत नाही, कारण त्याच्या फोटोत तरणतलाव नाही.

काकू विचारतात, कार्तिकात गेलो तर? कार्तिक पौर्णिमेला देवदिवाळी असते, लाखो दिवे लागतात आणि घाटावरच्या खोलीचा भाव ऐन मे महिन्यातल्या महाबळेश्वरलाही मागे टाकतो. दिवे बघायचे असतील तर तो भाव देण्याजोगा आहे, नुसतं काशीला जायचं असेल तर तो आठवडा टाळावा. त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

दीड

डबा उघडत असताना स्वित्झर्लंडहून उत्तर येतं. तिथे सकाळचे नऊ वाजलेत. युरोपचे भाव ऐकून लोक गप्प होतात, म्हणून मी एक गोष्ट आधी सांगते. बासेल, बर्न, जिनिव्हा या शहरांत हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला मुक्कामापुरता शहरातल्या बस-ट्रामचा पास फुकट मिळतो. इंटरलाकेनलाही पाहुण्यांना कार्ड मिळतं, त्यावर जवळपासच्या बस चालतात. त्यामुळे स्टेशनजवळच्या महाग हॉटेलाऐवजी ट्रामने पंधरा मिनिटांवरचं साधं हॉटेल घेतलं तरी खर्च वाढत नाही. रोममध्ये उलट आहे. तिथे शहराचा कर वेगळा, माणशी आणि रात्रीमागे, हॉटेलच्या तारकांनुसार, आणि तो बहुधा तिथेच काउंटरवर भरायचा. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०२४ पासून हाच कर खोलीच्या भावाच्या १२.५ टक्के आहे. मी तो शेवटी न सांगता पहिल्याच ओळीत लिहिते. परगावी रात्री अकरा वाजता काउंटरवर अनपेक्षित पैसे मागितले गेले की माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि पुढचे दोन दिवस तो प्रत्येक बिलाकडे संशयाने बघतो.

अडीच

आजींच्या कुटुंबाचं काम आता हातात. मनालीच्या ज्या हॉटेलाचा दर हातात आहे, त्याच्या फोटोत बर्फाचे डोंगर खिडकीत उभे आहेत. मी रिसेप्शनवर फोन करते आणि व्हिडिओ कॉलची विनंती करते. चांगली हॉटेलं लगेच हो म्हणतात. आजचा मुलगा उत्साही आहे, कॅमेरा थेट डोंगरांकडे धरतो. मी म्हणते, भैया, पहले नीचे से चलो, गेट से. तो गेटपासून चालायला लागतो. उतार आहे. रस्त्यापासून दारापर्यंत पायर्‍या आहेत, मी मोजते: बावीस, कठडा एकाच बाजूला. लिफ्ट आहे, पण ती दुसर्‍या मजल्यापासून सुरू होते, कारण इमारत डोंगराच्या उतारावर आहे आणि आपण खालून आत आलो. ही डोंगरातल्या गावांची रचनाच आहे, यात हॉटेलाचा दोष नाही. पण बहात्तर वर्षांच्या गुडघ्यांना दिवसातून चार वेळा बावीस पायर्‍या म्हणजे आजी दुसर्‍या दिवसापासून खोलीत बसणार. ‘व्हॅली व्ह्यू’ खोलीची खिडकी उघडायला लावली तर समोर बांधकाम, त्याच्या वर डोंगराची एक पट्टी. मुलगा प्रामाणिक होता, त्याने स्वतःच सांगितलं की वरच्या मजल्यावर पूर्ण दिसतं, पण त्या खोलीचा भाव वेगळा.

बाथरूम मी कधीच सोडत नाही. जमीन कोरडी राहते का, आंघोळीची जागा काचेने वेगळी आहे का, गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळी. मे महिन्यात मनालीत रात्री गारठा असतो, बर्‍याच हॉटेलांत हीटरचे पैसे वेगळे लागतात, तेही विचारते. इथे लागतात.

मग वाट. चंदीगडहून मनाली साधारण तीनशे किलोमीटर, घाटातून आठ तासांच्या वर. डोंबिवलीहून चंदीगड वेगळं. सहा रात्रींतल्या दोन प्रवासातच संपतात, हातात चार उरतात. म्हणजे मनालीच्या खोलीचा दर सहाने नव्हे, चार रात्रींच्या सुखाने भागायचा. गाव दूर असेल तर मुक्काम लांबवावा, मुक्काम छोटा असेल तर गाव जवळचं घ्यावं, मग खोली थोडी महाग पडली तरी चालते. प्रवासाचं भाडं एकदाच लागतं. ते जितक्या रात्रींवर वाटलं जातं तितकी प्रत्येक रात्र हलकी होते. दोन रात्रींसाठी दूर उडून जाणार्‍यांनी स्वस्त हॉटेलाचा आनंद मानू नये, असं मला फार वाटतं.

मुन्नारचे चार दर आलेत. त्यातला सगळ्यात कमी दर सगळ्यात सुंदर हॉटेलचा, आणि नकाशा उघडल्यावर कारण दिसतं. ते मुन्नारमध्ये नाहीच, आनच्चालच्या बाजूला आहे, गावापासून पंधरा-सोळा किलोमीटर. मुन्नारमध्ये असं खूप आहे. चित्तिरपुरम, पल्लिवासल, आनच्चाल या भागांतली हॉटेलं मुन्नारच्या नावानेच विकली जातात, जशी पाचगणीच्या वाटेवरची महाबळेश्वरच्या नावाने. यात नेहमी तोटाच असतो असं नाही. गाडी दिवसभर सोबत असेल आणि चहाच्या मळ्यात शांत बसायचं असेल तर बाहेरचं हॉटेल अधिक चांगलं. यांच्याकडे गाडी असणार आहे. आजींना मळ्यात बसायचंय, मुलांना मोकळी जागा हवी आहे. म्हणून मी इथे गाव सोडून बाहेरचंच घेते. डोंगरातल्या बंगल्यांची ओळ आहे, तळमजला, समोर गवत. एसी नाही आणि मुन्नारच्या उंचीवर तो लागतही नाही.

मुन्नारला जोडून अलप्पुळाची हाउसबोट, एक रात्र. तिचा भाव बघून ग्राहक दचकतो. पण त्यात दुपारचं जेवण, चहा-भजी, रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी, नाव चालवणारे आणि स्वयंपाकी, आणि दिवसभराचं फिरणं आलं. पाच माणसांचं तेवढं बाहेर केलं तर फार फरक उरत नाही. मात्र दोन गोष्टी मी लिहून देते. ‘डिलक्स’ बोटींत एसी बहुधा रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच चालतो. दिवसभर हवा असेल तर वरचा वर्ग घ्यायचा. आणि बोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला काठाला लागते, कारण त्यानंतर कोळ्यांची जाळी पाण्यात पडतात. रात्रभर तरंगत जाण्याचं स्वप्न घेऊन गेलेला माणूस सहा वाजता नाराज होतो. ते आधी ठाऊक असलं की तोच काठ आवडतो.

साडेचार

अभिप्राय वाचण्याची वेळ. मी सरासरी गुण बघत नाही. त्याच महिन्यात गेलेल्यांचे अभिप्राय शोधते, कारण मे महिन्यातलं हॉटेल आणि सप्टेंबरमधलं हॉटेल ही दोन वेगळी हॉटेलं असतात. कुटुंबाने लिहिलेलं कुटुंबासाठी वाचते, एकट्या पोराने लिहिलेलं बाजूला ठेवते. सगळ्यात जास्त विश्वास पाहुण्यांनी काढलेल्या फोटोंवर, त्यात बादली आणि खिडकीची जाळी दिसते.

तारकांबद्दलही लोकांची समजूत चुकीची असते. आपल्याकडे हॉटेलांचं वर्गीकरण केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती करते, ते पाच वर्षांसाठी असतं, आणि त्यासाठी अर्ज करणं हॉटेलाच्या मर्जीवर आहे. म्हणून कित्येक उत्तम हॉटेलांना तारका नाहीत आणि कित्येकांनी आपल्या मनाने तीन लावून घेतलेल्या दिसतात. दोन देशांतल्या चार तारका तर एकमेकींशी तोलूच नयेत.

सहा

मालदीवचं जोडपं, पुढच्या डिसेंबरसाठी. त्यांना आलेला दर: २०० डॉलर आणि त्यापुढे दोन अधिक चिन्हं. पहिलं सेवाशुल्काचं, १० टक्के. दुसरं पर्यटन कराचं, जुलै २०२५ पासून १७ टक्के, तेही सेवाशुल्क मिळवलेल्या रकमेवर. म्हणजे २०० चे २५७ डॉलर ४० सेंट. वर रिसॉर्टमध्ये माणशी रात्रीमागे १२ डॉलर हरित कर, दोघांचे २४. रात्र पडली २८१ डॉलर ४० सेंटला. मालेहून बेटापर्यंतची स्पीडबोट किंवा सीप्लेन अजून बाहेरच आहे. त्याचे पैसे कित्येकदा एका रात्रीच्या खोलीहून जास्त होतात, आणि बेटावर दुसरी खानावळ नसते. म्हणून मालदीवला मी नुसत्या न्याहारीचा दर कोणालाच देत नाही. बाली हवं असेल तर तिथे साधारण २१ टक्के वर धरा, सिंगापूरला १९.९, बँकॉकला १७.७. भूतानला भारतीयांना माणशी रात्रीमागे १,२०० रुपये विकासशुल्क आहे, खोली कितीही साधी असो. मुलगा म्हणतो, “मॅडम, मग खरा आकडा कुठे लिहिलेला असतो?” मी त्याला माझा कागद देते. त्यावर कर, बोट आणि जेवण धरून शेवटची ओळ आहे. ती बालीच्या शेवटच्या ओळीशेजारी ठेवून दोघंही आता शांतपणे बोलताहेत.

साडेसात

महिला मंडळाच्या काकूंचा फोन. पंधरा जणी, जुलैत कोकण, तारकर्ली, कारण तेव्हा खोल्या निम्म्या भावात मिळतात. काकू, जुलैत समुद्र खवळलेला असतो, जलक्रीडा बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद. निम्म्या भावात अर्धं गावही मिळत नाही. त्याच जिल्ह्यात त्याच आठवड्यात आंबोली मात्र ओसंडून वाहत असते, तिथे भाव चढे. मी त्यांना दोन रात्री आंबोली मधल्या वारी घ्यायला सांगते, आणि एक रात्र सावंतवाडीजवळ घरगुती निवास, जिथे भाव माणशी असतो आणि घावणे-उसळ त्यातच. गाणी म्हणायला पडवी आहे का, हे त्यांनी दोनदा विचारलं. मला तो प्रश्न फार पटला. पंधरा जणींच्या सहलीत खोलीपेक्षा पडवी जास्त वापरली जाते.

नऊ

घरून फोन लावते. पलीकडे सगळं कुटुंब स्पीकरवर आहे. तिन्ही गावांचे कागद मी संध्याकाळी पाठवलेत: पाच माणसं, सहा रात्री, घरातून निघून घरी येईपर्यंत. बँकॉकच्या खोल्या सगळ्यात सरस आणि स्वस्त, पण विमानाची पाच तिकिटं कोचीच्या तिकिटांच्या दुपटीहून जास्त, आणि आजींचा पासपोर्ट अजून काढायचाय. मनालीचा आकडा सगळ्यात कमी, पण रात्री चारच. मुन्नार तीन रात्री, बोट एक, फोर्ट कोची दोन, ही ओळ बँकॉकच्या बरीच खाली आणि मनालीच्या किंचित वर. कोचीत घाम येईल आणि मे महिन्यात दुपारी वळवाचा पाऊस पडू शकतो, हेही मी लिहिलंय.

“म्हणजे मनालीच स्वस्त ना, ताई?” वडील विचारतात.

“एकूण आकड्यात हो. रात्री मोजल्यात तर नाही. आणि बावीस पायर्‍या आहेत.”

मुलगा बँकॉक म्हणतो, स्पष्टपणे. त्याची आई म्हणते, दोन वर्षांनी, तुझ्या दहावीनंतर. मग पलीकडे कुजबुज होते आणि फोन आजींकडे जातो.

“बाई, बोटीत चढायला फळी असते की पायरी?”

“फळी असते आजी, पण दोन माणसं हात देतात. मी त्यांना आधीच सांगून ठेवते.”

“आणि ते डोंगरातलं घर, तिथे उंबर्‍याबाहेर लगेच बसता येईल ना?”

“व्हरांडा आहे, त्यात दोन खुर्च्या. मी बघितलंय.”

“मग हे मला पाहिजे की नको असं विचारत बसतात कशाला, करा म्हणावं.”

वडील हसत फोन परत घेतात. खोल्या शनिवारपर्यंत धरून ठेवायला सांगतात, पैसे उद्या भरतो म्हणतात. मी लगेच मुन्नारच्या मॅनेजरला लिहिते: दोन खोल्या, शेजारीशेजारी, तळमजला, तीन रात्री, न्याहारीसह, एका खोलीत दोन वेगळे पलंग, खाली गादी नको. बाथरूममध्ये कमोडशेजारी भिंतीला धरायला दांडा आहे का, ते उद्या सकाळी फोटो काढून पाठवा; नसेल तर मेआधी बसवून द्याल का, तेही कळवा.